आवाज नेमका कुठं अडला?

हिवरखेडात माझ्या दुकानात लॅपटॉप घेऊन येणारा माणूस बहुधा एका वाक्यात दुखणं सांगतो. "भाऊ, आवाज नाई येऊन रायला," नाहीतर "व्हिडिओ अटकून अटकून चालते." त्याच्या लेखी बिघाड एकच असतो. मला मात्र त्या एका वाक्यामागं दहा-बारा वेगवेगळी कारणं दिसतात, आणि त्यांतली निम्मीअधिक कारणं पेचकस हातात न घेताच निस्तरता येतात. म्हणून मी लॅपटॉप उघडायच्या आधी माणसाला बसवतो आणि विचारतो. कधीपासून? चार्जर काढल्यावरही तसंच होतं का? हेडफोन लावला तर ऐकू येतं का? सगळेच व्हिडिओ अडकतात की मोबाइलवर काढलेलेच? सुरुवातीपासून अडकतो की दहा मिनिटं नीट चालून मग?

एवढी विचारपूस करायची सवय गावानंच लावली. हिवरखेड अकोला जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. कापूस, केळी, संत्रा, पानपिंपळी यांवर जगणारा हा पट्टा. अकोला-खंडवा मीटरगेज गाडी चालू होती तोवर सुटा भाग आणायला अकोल्याला जाऊन येणं सोपं होतं. २०१७च्या सुरुवातीला ती गाडी बंद झाली. अकोट ते अकोला रुंद रुळांवर गाडी आली ती २०२२मध्ये, आणि अकोट आम्हाला एसटीनंच गाठावं लागतं. एक स्पीकर, एक पंखा किंवा एक चार्जर मागवायचा तर दिवस जातो, पैसे जातात. भाग बदलून पाहू, नाही जमलं तर दुसरा बदलू, अशी कामाची पद्धत मोठ्या शहरात चालत असेल. इथं आधी बिघाडाची जागा पक्की करावी लागते आणि मगच खिशात हात घालावा लागतो.

या कामात माझं सगळ्यात भरवशाचं हत्यार म्हणजे कान. चित्र अडकतंय आणि आवाज मात्र सुरळीत पुढं चाललाय, असं असेल तर चित्र उलगडण्याचं काम प्रोसेसरला झेपत नाही. आवाजाचं काम हलकं असतं, ते निभतं. चित्राचं भारी असतं, ते मागं पडतं. चित्र आणि आवाज दोन्ही एकदम थबकतात आणि एकदम सुटतात, तर हार्डडिस्क किंवा इंटरनेट पाहावं. दोन्ही आधी नीट चालतात आणि काही वेळानं मंदावतात, तर उष्णता. आवाज येतो पण मागं सतत घुमघुम असते, तर विजेची जोडणी. मोठा केला की फाटतो, तर स्पीकरचा कागद. चित्र झक्क, आवाज बिलकूल नाही, तर बहुतेक वेळा आवाज गेलेलाच नसतो. लॅपटॉप तो दुसऱ्याच दारातून बाहेर पाठवत असतो.

हे शेवटचं मी शाळांमध्ये सगळ्यात जास्त पाहिलं.

राज्य शासनानं २२ जून २०१५ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या कार्यक्रमाचा निर्णय काढला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करण्याची मोठी हालचाल झाली. ठाणे जिल्ह्यातल्या पाष्टेपाड्याच्या डिजिटल शाळेचं नाव तेव्हा आमच्याकडच्या गुरुजींच्याही तोंडी होतं. पैसे कुठून आणायचे, तर लोकवर्गणीतून. कुणी कापसाच्या पट्टीतून दिले, कुणी मुलाच्या वाढदिवसाचे दिले, कुण्या माजी विद्यार्थ्यानं पुण्याहून पाठवले. त्यातून एक प्रोजेक्टर आला आणि एक लॅपटॉप, तोही पुष्कळदा आधी कुठल्यातरी कंपनीत वापरलेला. आज तेच लॅपटॉप माझ्या टेबलावर येतात. ते दुरुस्त करताना मला ठाऊक असतं की यात अख्ख्या गावाचे पैसे आहेत. म्हणून "जुना झाला, नवा घ्या" हे वाक्य मला कुणाच्याही तोंडून सहज निघालेलं खपत नाही.

एका खेड्यातले गुरुजी असाच लॅपटॉप घेऊन आले. "मले त्यायनं सांगतलं का साउंडचा आयसी गेला, मदरबोर्ड बदलावा लागते," ते म्हणाले. शहरातल्या दुकानानं तसा अंदाजी खर्चही लिहून दिला होता. मी लॅपटॉप सुरू केला, गाणं लावलं, आवाज आला. गुरुजी चकित झाले. "घरी बी येते भाऊ. शाळेतच नाई येत."

मग मी त्यांना प्रोजेक्टर घेऊन यायला सांगितलं. एचडीएमआय केबल जोडली आणि आवाज बंद झाला. ही केबल चित्राबरोबर आवाजही वाहून नेते. ती जोडली की विंडोज परस्पर ठरवतं की आता आवाज पलीकडच्या यंत्रातून निघेल. पलीकडं टीव्ही असेल तर ठीकच. पण त्या प्रोजेक्टरला स्पीकरच नव्हता. आवाज केबलमधून जात होता आणि तिथंच संपत होता. खालच्या पट्टीवरच्या स्पीकरच्या चिन्हावर टिचकी मारायची, वर जे नाव दिसतं त्यावर टिचकी मारायची, यादी उघडते, तिच्यात प्रोजेक्टरऐवजी लॅपटॉपचे स्पीकर निवडायचे. मदरबोर्डला हात लावायचं कामच नव्हतं. मी ही कृती कागदाच्या पट्टीवर मराठीत लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून दिली, कारण शाळेत गुरुजी बदलतात, लॅपटॉप तोच राहतो.

त्याच लॅपटॉपचं दुसरं दुखणं जास्त खोल होतं. गुरुजींनी नव्या मोबाइलवर स्नेहसंमेलनाचं चित्रीकरण केलं होतं आणि ते मुलांना पडद्यावर दाखवायचं होतं. "लेकराईले सांगून ठेवलं हाय," ते म्हणाले. गाणं सुरळीत वाजायचं आणि नाचणारी मुलं मधेच पुतळ्यासारखी थांबायची, मग एकदम चार पावलं पुढं उडी मारायची. व्हीएलसी या व्हिडिओ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे ही बटणं एकत्र दाबली की तो कुठल्या पद्धतीनं साठवलाय ते दिसतं. तिथं एचईव्हीसी असं होतं, आणि चित्राचा आकार ३८४० गुणिले २१६०.

व्हिडिओ साठवताना चित्राची घडी घालावी लागते, नाहीतर दोन मिनिटांच्या नाचानं अख्खा मोबाइल भरून जाईल. घडी जितकी बारीक तितकी जागा कमी लागते, पण लुगड्याच्या बारीक घडीसारखीच ती उलगडायला मेहनतही तितकीच जास्त. एच.२६४ ही घडी २००३ची. एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, ही २०१३ची. तेवढ्याच दर्जाला साधारण निम्मी जागा घेणारी. त्यानंतर २०१८मध्ये एव्ही१ आली. प्रोसेसरमध्ये अशा घड्या उलगडण्यासाठी वेगळा भाग असतो आणि तो बनवताना ज्या घड्या ठाऊक होत्या त्याच त्याला येतात. गुरुजींच्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-थ्री होता, २०१२च्या सुमाराचा. त्याला एच.२६४ उत्तम येते. एचईव्हीसी त्याच्या जन्मानंतरची. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ती पूर्णपणे आली सहाव्या पिढीत, २०१५मध्ये. मग तिसऱ्या पिढीच्या यंत्रात हे सगळं ओझं मुख्य प्रोसेसरवर पडतं. टास्क मॅनेजर उघडून ठेवला तर व्हिडिओ सुरू होताच तिथला प्रोसेसरचा आकडा १०० टक्क्यांना जाऊन चिकटतो.

आणि हे ओझं विनाकारण होतं. त्या लॅपटॉपचा पडदा १३६६ गुणिले ७६८, म्हणजे साडेदहा लाख ठिपक्यांच्या आसपास. व्हिडिओत ८३ लाख ठिपके. प्रत्येक चित्रात आठपट ठिपके उलगडायचे आणि त्यांतले सात हिस्से फेकून द्यायचे, तेही सेकंदाला तीस वेळा. मी हँडब्रेक हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकून तो व्हिडिओ एच.२६४मध्ये, ७२० रेषांच्या आकारात उतरवून घ्यायला लावला. जुन्या यंत्राला रात्र लागली, पण सकाळी व्हिडिओ लोण्यासारखा नाही तरी विनातक्रार चालला. मोबाइलच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये कमी जागा घेणाऱ्या व्हिडिओचा पर्याय असतो, तो बंद करून दिला आणि आकार १०८०वर आणला. पुढचा कार्यक्रम सरळ चालला.

यूट्यूबचंही असंच आहे. यूट्यूब ब्राउझरला बहुतेक वेळा व्हीपी९ किंवा एव्ही१ घडीतला व्हिडिओ पाठवतं. जुना लॅपटॉप तिथं गुदमरतो आणि घरचे लोक नेटवर्कला दोष देतात. व्हिडिओवर उजवं बटण दाबून आकडेवारीचा पर्याय उघडला की घडीचं नावही कळतं आणि किती चित्रं गळाली तेही. क्रोममध्ये एच२६४-इफाय नावाचं जोडसॉफ्टवेअर टाकलं की यूट्यूब जुनीच घडी पाठवू लागतं. पदवीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीचा लॅपटॉप मी एवढ्याच गोष्टीवर परत केला. तिच्या वडिलांनी नव्या लॅपटॉपसाठी तूर विकायची तयारी ठेवली होती.

वऱ्हाडाचा स्वतःचा म्हणून एक बिघाड आहे आणि तो कुठल्याही पुस्तकात मला वाचायला मिळाला नाही. आमच्याकडं भाव येईपर्यंत कापूस घरात भरून ठेवतात. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस, आणि त्याच खोलीत पलंगावर लॅपटॉप. रुईचे बारीक तंतू हवेत असतातच. लॅपटॉपचा पंखा खालून हवा ओढतो, त्याबरोबर ते तंतू आत जातात आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या तांब्याच्या पात्यांच्या तोंडाशी घट्ट थर धरून बसतात. पंखा फिरतो, आवाज करतो, पण हवा बाहेर निघत नाही. मग उन्हाळा येतो. मे २०२०मध्ये अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. असल्या दिवसांत खोलीतली हवाच इतकी तापलेली असते की तिनं यंत्र थंड होण्याची आशा कमी. प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ पोचला की जीव वाचवायला स्वतःचा वेग स्वतःच उतरवतो. व्हिडिओ दहा मिनिटं नीट चालून मग रखडू लागतो तो यामुळं.

असा लॅपटॉप आला की मी खालचं झाकण काढतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती काडीनं अडवून धरायची, कारण मोकळा पंखा हवेच्या झोतानं नको तितका वेगात फिरतो आणि खराब होतो. ब्लोअरनं रुईचा थर निघत नाही, तो चिमट्यानं अख्खा ओढून काढावा लागतो. मग प्रोसेसरवरचं वाळलेलं थर्मल पेस्ट पुसून नवं लावायचं. एवढ्या कामानं यंत्र अक्षरशः वेगळं वाटतं. लोक विचारतात, "रॅम वाढवली का?" रॅमला हातही लावलेला नसतो.

रुई दुसऱ्या एका जागीही जाते, हेडफोनच्या भोकात. तिथं आत एक बारीक पत्ती असते. हेडफोनची पिन आत गेली की पत्ती सरकते आणि लॅपटॉपला कळतं की आता स्पीकर बंद करायचे. भोकात रुई आणि धूळ दाबली गेली की पत्ती सरकलेलीच राहते. लॅपटॉप समजतो हेडफोन लावलेला आहे. स्पीकर चांगले, आयसी चांगला, ड्रायव्हर चांगला, तरी आवाज नाही. स्क्रीनवर हेडफोनचं चिन्ह दिसत असेल आणि हेडफोन लावलेला नसेल, तर दुसरीकडं शोधू नका. लॅपटॉप बंद करून मऊ बारीक ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब, मग पिन चार-पाच वेळा आत-बाहेर. सुई किंवा टाचणी घालू नये; पत्ती मोडली की मग खरंच सुटा भाग लागतो.

चार्जरचं दुखणं फार कमी लोकांना ठाऊक आहे. काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये चार्जरच्या पिनेच्या मधोमध एक बारीक तार असते. त्या तारेवरून लॅपटॉप चार्जर ओळखतो. बाजारातला स्वस्त चार्जर लावला आणि ओळख पटली नाही, तर लॅपटॉप चालतो, पण जपून चालतो. बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेग बांधून ठेवतो. साधं टायपिंग करणाऱ्याला फरक कळत नाही, व्हिडिओ लावणाऱ्याला लगेच कळतो. चार्जर काढून निव्वळ बॅटरीवर व्हिडिओ नीट चालला तर दोष चार्जरचा. म्हणून तो माझ्या पहिल्या प्रश्नांतला एक प्रश्न आहे.

हरिनाम सप्ताहात मला देवळातून बोलावणं येतं. लॅपटॉपवरून ॲम्प्लिफायरला आवाज दिलेला असतो आणि कर्ण्यातून अभंगाच्या मागं घुमघुम चालू असते. लोकांना वाटतं लॅपटॉपचं साउंड गेलं. मी चार्जरची पिन उपसतो. घुमघुम थांबते. पुन्हा लावतो, पुन्हा सुरू. म्हणजे लॅपटॉपचं काही बिघडलेलं नाही. वीज आणि जमीन यांच्यातलं नातं बिघडलेलं आहे. आपल्या विजेची ५० हर्ट्झची कंपनं अर्थिंगच्या वाटेनं जमिनीत जायला हवीत. ती वाट नसली की ती ऑडिओच्या तारेतून ॲम्प्लिफायरमध्ये शिरतात. अशा वेळी लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला तर झिणझिण्याही येतात.

आमच्याकडं अर्थिंगचा खड्डा कोळसा आणि मीठ घालून भरलेला असतो. पावसाळ्यात काळी माती ओली असते, काम भागतं. उन्हाळ्यात त्याच मातीला हात हात भेगा पडतात, खड्डा सुकतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. एका देवळात बादलीभर पाणी खड्ड्यात ओतल्यावर घुमघुम निम्म्यावर आली, ते पाहायला मंडपातली माणसं गोळा झाली होती. कायमचा उपाय म्हणजे अर्थिंग नीट करून घेणं. तोवर ऑडिओच्या तारेत ग्राउंड लूप आयसोलेटर लावावा. लहानसा असतो, फार महाग नसतो. पण काही लोक घुमघुम घालवायला चार्जरची तिसरी, जाड पिन काढून टाकतात किंवा तिच्यावर टेप गुंडाळतात. हे कृपा करून कुणी करू नये. ती पिन माणसाच्या जिवासाठी दिलेली आहे. ओल्या पायानं मंडपात वावरणारी माणसं, लोखंडी खांब, हातात माईक. आवाज थोडा खराब आला तर चालेल.

सॉफ्टवेअरचे बिघाड मी इथं थोडक्यातच सांगतो, कारण ते दर वर्षी रूप बदलतात. विंडोजच्या अपडेटनंतर आवाज गेला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंडच्या ड्रायव्हरचं नाव पाहावं; पुष्कळदा रियलटेकचा ड्रायव्हर जाऊन साधा सामाईक ड्रायव्हर आलेला असतो, किंवा उलट. यादीतून दुसरा निवडला की आवाज परत येतो. पाच-सहा कोडेक पॅक एकावर एक टाकू नयेत, ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. एकटा व्हीएलसी पुरतो. फेब्रुवारी ते नोव्हेंबर २०२२ या काळात व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनचं संकेतस्थळ भारतात उघडत नव्हतं, तेव्हा लोकांनी भलतीकडून त्याच्या नावाच्या फायली उतरवल्या आणि जाहिराती फेकणारं नको ते घरात घेतलं. मी तेव्हापासून मूळ प्रत पेनड्राइव्हवर जवळ ठेवतो. विंडोज ७चा आधार १४ जानेवारी २०२०ला संपला, विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ला. ज्या यंत्रावर विंडोज ११ चढत नाही, त्यावर मी मालकाला विचारून लिनक्स मिंट घालून देतो. तिथं आवाज नसेल तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडावा. एखाद्या खांबाखाली एम-एम अशी दोन अक्षरं दिसली की तो आवाज दाबलेला आहे. एम हे बटण एकदा दाबलं की सुटतो.

सगळंच दुरुस्त होतं असं मी म्हणत नाही. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर ती बॅटरी त्या दिवशीच काढली पाहिजे. बोर्डावर चहा सांडून महिनाभर तसाच चालवलेला लॅपटॉप मी पैसे न घेता परत देतो आणि स्पष्ट सांगतो की यात आता पैसा घालू नका. हार्डडिस्क अडखळत असेल तर आधी त्यातलं सगळं बाहेर काढायचं, मग एसएसडी. व्हिडिओ आणि आवाज एकदमच थबकण्याच्या तक्रारीवर एसएसडीइतका गुण दुसऱ्या कशाला आलेला मी पाहिला नाही.

पण जुन्या लॅपटॉपची खरी किंमत मला एका काकाजींमुळं कळली. ते पिशवीत तीन सीड्या घेऊन आले. मुलीच्या लग्नाचं चित्रीकरण, २००४चं. मुलानं घरी नवा लॅपटॉप आणून दिला होता, पण त्याला सीडीचा कप्पाच नव्हता. काकू जाऊन काही वर्षं झाली होती. "तिचा आवाज त्याच्यातच हाय," काकाजी म्हणाले. "दुसरीकडे कुठीच नाई."

माझ्या दुकानात एक जुना लॅपटॉप निव्वळ अशा कामासाठी ठेवलेला आहे, डीव्हीडीचा कप्पा शाबूत असलेला. सीड्या व्हीसीडी होत्या. त्या काळी लग्नं अशीच मिळायची: एमपेग-१ घडी, ३५२ गुणिले २८८चं चित्र, एका सीडीत तास-सव्वा तास. आत एमपेगएव्ही नावाचा फोल्डर आणि त्यात डॅट शेपटाची फाईल. व्हीसीडीत जास्त व्हिडिओ मावावा म्हणून चुका सुधारण्यासाठीची जागा कमी ठेवलेली असते. त्यामुळं एक ओरखडा आला की साधी कॉपी तिथंच थांबते आणि विंडोज सगळीच फाईल नाकारतं. पहिली आणि तिसरी सीडी सरळ निघाल्या. दुसरीच्या वरच्या बाजूला कुणीतरी नावाची चिठ्ठी चिकटवून नंतर ती ओढून काढली होती. लोक खालच्या चकचकीत बाजूला जपतात, पण सीडीतला मजकुराचा थर वरच्या, नाव लिहिण्याच्या बाजूला लगेच खाली असतो. तिथं खरवडलं की खालून काहीच भरून येत नाही. आयसोबस्टर या सॉफ्टवेअरनं वाचता येईल तेवढं वाचून घेतलं. मधला थोडा भाग गेला तो गेलाच.

मग दुसरी अडचण. त्या काळच्या शूटिंगवाल्यांच्या रिवाजाप्रमाणं सगळ्या लग्नावर सिनेमाची गाणी चढवलेली होती. माणसं बोलताना दिसत होती, ऐकू काहीच येत नव्हतं. मूळ आवाज फक्त हळदीच्या भागात ठेवलेला. तिथं बायका गाणी म्हणत होत्या आणि काकूंचा आवाज त्यांत पुढं होता. जनरेटरची घरघर होती. मी तेवढा तुकडा ऑडासिटीमध्ये घेतला. गाणं सुरू व्हायच्या आधीची दोन सेकंदं निव्वळ घरघर होती, ती नमुना म्हणून दिली आणि आवाज थोडासाच साफ केला. जास्त साफ करायला गेलं की माणसाचा आवाज पत्र्यासारखा होतो. काकाजींना मी मूळ प्रत जशीच्या तशी दिली आणि साफ केलेली वेगळी दिली. त्यांनी दुकानातच ऐकली. मूळची जास्त आवडली त्यांना, घरघर असलेली. मलाही तीच योग्य वाटली.

तुमच्या कपाटात अशा सीड्या असतील तर वाचून एवढं करा. घरात लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर ऊन आणि उष्णतेनं हळूहळू खराब होतो, आणि पत्र्याच्या घरातल्या लोखंडी कपाटात आपल्याकडं दोन्ही भरपूर आहे. चिठ्ठ्या ओढून काढू नका. सीडीचा कप्पा असलेला जुना लॅपटॉप तुमच्याकडं किंवा शेजारी असेल तर तो भंगारात जाण्याआधी त्यावर या सीड्या उतरवून घ्या; आवाज येत नसेल, चित्र अडकत असेल तरी चालेल, कॉपी करायला दोन्हींची गरज नाही. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडं. आणि हे येत्या एप्रिलच्या आधी करा.